ओटीपी

कॉलेज रोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
पाटीवर झेरॉक्स लिहिलंय, पण जून-जुलैत
मी लोकांची आयुष्यं टाइप करतो,
फॉर्ममागे पन्नास रुपये.
स्पेलिंग चुकलं तर फुकट दुरुस्त करून मिळेल,
बाकीच्या चुकांना दुकान जबाबदार नाही,
असा बोर्ड लावायचा दरवर्षी राहून जातो.

पोरं घोळक्यानं येतात.
एकानं कॉमर्स म्हटलं की सहा जणांचं कॉमर्स होतं.
मेजर म्हणजे काय, मायनर म्हणजे काय,
विचारतात, आणि मी सांगतो:
मेजर म्हणजे जेवण, मायनर म्हणजे तोंडी लावणं.
हे कुठल्या परिपत्रकात नाही.
एकदा सुचलं, मग सांगतच सुटलो.

हिमानी गायधनी एकटीच आली,
पळश्याहून, दोन बस बदलून.
शेवटचा दिवस, पाचला साइट बंद,
घड्याळात सव्वादोन.
पंख्यानं काउंटरवरचे कागद उडत होते
म्हणून तिनं पिशवीतून एक दगड काढला
आणि त्यांच्यावर ठेवला.
काळा. मधे पोकळी. पोकळीत पांढऱ्या सुया,
बारीक, उभ्या,
फुंकर मारली तर मोडतील अशा.
"विहिरीत निघाला," म्हणाली,
"काका पायरीला लावणार होते."

मेजर: भूशास्त्र.
माझी बोटं थांबली.
"कॉम्प्युटरला जागा आहेत अजून,"
सवयीनं बोललो मी.
"माहितीय."
त्या एका शब्दात
तीन आठवड्यांची मुकाट जेवणं असावीत.
मायनरला तिनं खांदे उडवले.
मी गणित टाकलं, सगळ्यांचं टाकतो तसं.

बटण दाबलं. ओटीपी गेला
वडिलांच्या मोबाइलवर.
मोबाइल सातपूरला, कंपनीच्या गेटवरच्या कप्प्यात,
आणि वडील आत, लेथवर,
सुटी साडेतीनला.
दहा मिनिटांनी ओटीपी मेला.
आम्ही बसून राहिलो.
मी तिला चहा सांगितला, तिनं अर्धा प्यायला.
मधे दोघांच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स काढल्या.

तीन पस्तीसला फोन.
"हे सहा आकडे कसले आलेत?"
स्पीकर चालू होता, मागे स्कूटरींचा कालवा.
"पप्पा, फॉर्म भरतेय."
"कशाचा?"
ती दगडाकडे बघत होती.
"दगडांचा."

बराच वेळ नुसत्या स्कूटरी.
मी उगाच माऊस पुसला.
मग तिकडून आवाज आला,
पोटापाण्याचं विचारील म्हटलं, तर
"पांडवलेण्यावर भिंतीत कोरलंय ना काहीतरी,
पंचवीस वर्षं बघतोय, एक अक्षर लागत नाही.
ते शिकवतात का त्यात?"
"त्यात नाही शिकवत."
"मग कशात?"

तिनं माझ्याकडे बघितलं.
मी मागे गेलो, यादी उघडली, खालपर्यंत आलो.
पुरातत्त्व नव्हतं. लिपी नव्हती.
इतिहास होता.
"इतिहासात असेल थोडंफार," मी म्हणालो,
खात्री नसताना.
"टाका," फोनमधून आलं.
गणित खोडलं.

नवा ओटीपी आला तेव्हा
ते एकेक आकडा थांबून वाचत होते,
जॉबचं माप सांगावं तसे:
चार. शून्य. शून्य. सात.
"लिहिलं का? परत वाच."
तिनं परत वाचलं.
उरलेले दोन सांगितले
आणि म्हणाले, "बस मिळेल ना?"

पावती घेतली, पन्नास दिले,
दगड उचलून पिशवीत टाकला न् गेली.
पंखा चालूच होता.
काउंटरभर कागद झाले,
तीस-चाळीस पोरांचे मेजर फरशीवर.
गोळा करताना कुणाचं काय, बघितलं नाही.

रात्री पाथर्डी फाट्याला उतरलो.
डोंगर होता तिथेच.
अंधारात लेणी दिसत नाहीत.
तरी उभा राहिलो जरा,
मग दुधाची पिशवी घेतली.